कडेवरचे मूल आणि ताराबाई

वऱ्हाडात पावसाने जोर धरला की निंदणाची घाई सुरू होते. नांदगाव खंडेश्वरच्या कोरडवाहू शिवारात कपाशी, सोयाबीन आणि तूर यांचे निंदण बहुतांशी स्त्रियाच करतात. मजुरीस निघालेल्या आईचे तान्हे मूल एक तर धुऱ्यावरच्या झाडाला बांधलेल्या लुगड्याच्या झोळीत असते, नाही तर घरी थोरल्या बहिणीच्या कडेवर. ही बहीण पुष्कळदा स्वतःच शाळेत जाण्याच्या वयाची असते आणि त्या दिवशी हजेरीपटावर तिच्या नावापुढे गैरहजेरी लागते. कडेवरचे मूल आणि त्याला सांभाळणारी मुलगी या दोघांचा विचार एकत्र करणारी विदुषी विवाहसंबंधाने अमरावतीशी जोडली गेली होती. त्या म्हणजे ताराबाई मोडक.

ताराबाईंचा जन्म 19 एप्रिल 1892 रोजी मुंबईत झाला. 1914 मध्ये त्या मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या. अमरावतीचे वकील मोडक यांच्याशी झालेला त्यांचा विवाह टिकला नाही. 1921 मध्ये तो संपुष्टात आला. त्या काळी एकट्या स्त्रीने स्वतःच्या बळावर उभे राहणे किती कठीण होते, हे वेगळे सांगावयास नको. राजकोट येथील स्त्रियांच्या अध्यापन महाविद्यालयाचे प्राचार्यपद त्यांनी सांभाळले आणि 1923 मध्ये तेही सोडून त्या भावनगरला गिजुभाई बधेका यांच्या बालमंदिरात दाखल झाल्या. प्रतिष्ठेची नोकरी टाकून अडीच-तीन वर्षांच्या मुलांत जाऊन बसणे हे अनेकांना आकलन न होणारे होते. 1926 मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला आणि 1936 मध्ये दादरला शिशुविहार उभा राहिला.

येथवरची वाटचाल शहरी, सुशिक्षित घरांतील मुलांसाठी होती. माँटेसरी पद्धतीची महागडी साधने गरिबाच्या मुलापर्यंत कशी पोहोचावीत, हा प्रश्न शिल्लकच होता. त्याच्या उत्तरासाठी 1945 मध्ये, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, ताराबाई त्या वेळच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी या गावी गेल्या. अनुताई वाघ तेथेच त्यांना येऊन मिळाल्या. बालवाडी सुरू झाली. परंतु वस्तीतील सर्वांत गरीब मुले तिच्याकडे फिरकेनात. तेव्हा ताराबाईंनी बालवाडीच वस्तीच्या अंगणात नेली. बिया, शिंपले, पाने आणि माती ही तिची साधने झाली. अंगणवाडी या आज घरोघरी रुळलेल्या शब्दामागचा हा मूळ प्रयोग होय.

1957 मध्ये हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर, वारली वस्त्यांच्या सान्निध्यात गेले. तेथे आणखी एक अडचण पुढे आली. शाळेत येऊ शकणाऱ्या मुलीच्या कडेवर धाकटे भावंड होते. त्याला खाली ठेवल्यावाचून तिला पाटी हाती धरता येत नव्हती आणि बहीण दिसेनाशी झाली की ते भावंड आकांत करी. यावर ताराबाईंनी योजलेला उपाय विकासवाडी या नावाने ओळखला गेला. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आली. तान्हे मूल पाळणाघरात, मधले बालवाडीत आणि बहीण वर्गात, अशी ही व्यवस्था होती. मुलीला शिक्षण मिळाले आणि ज्या चेहऱ्याची मुलाला सवय होती तो चेहराही त्याच्यापासून दूर गेला नाही.

याच सुमारास पाश्चात्त्य देशांत तान्ह्या मुलाच्या भावबंधाचे शास्त्र आकार घेत होते. जॉन बोल्बी यांनी 1951 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेसाठी लिहिलेल्या अहवालात मातृवियोगाचे दुष्परिणाम मांडले. पुढे 1964 मध्ये ग्लासगो येथील साठ मुलांच्या निरीक्षणातून शॅफर आणि इमर्सन यांना आढळले की, पहिल्या वर्षाच्या उत्तरार्धात विशिष्ट माणसाविषयीची ओढ स्पष्ट होते. ती केवळ दूध पाजणाऱ्याशी नव्हे, तर हाकेला ओ देणाऱ्याशी जुळते. आणि अशी माणसे एकाहून अधिक असू शकतात. या संशोधनावर ताराबाईंचे कार्य उभे होते, असे म्हणता येणार नाही. त्यांचे शास्त्र अंगणात बसून केलेल्या निरीक्षणाचे होते. तथापि दोन्ही मार्ग एकाच ठिकाणी येऊन मिळतात, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे. आई शेतात गेली म्हणून मूल पोरके होत नाही. पण तिच्या जागी ओळखीचे, वेळेवर धावून येणारे आणि रोज न बदलणारे माणूस त्याला लागते.

ते माणूस नऊ वर्षांची मुलगीच का असावे, हा खरा प्रश्न आहे. निंदणाची मजुरी हिशेबात येते. तिच्यापायी बुडालेली शाळा कोणत्याच वहीत लिहिली जात नाही. वस्तुतः घरातील सर्वांत लहान मजूर तीच असते आणि तिची मजुरी शून्य असते. 1948 च्या कारखाना कायद्याने ठरावीक संख्येहून अधिक स्त्रिया कामावर असलेल्या कारखान्यांना मुलांसाठी खोली ठेवणे बंधनकारक केले. शेताच्या धुऱ्याला असा कायदा लाभला नाही.

1962 मध्ये पद्मभूषण मिळालेल्या ताराबाईंचे 31 ऑगस्ट 1973 रोजी निधन झाले. दोनच वर्षांनी, 2 ऑक्टोबर 1975 रोजी, एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि अंगणवाडी देशभर पोहोचली. परंतु अंगणवाडीचे काही तास आणि निंदणाचा अख्खा दिवस यांचा मेळ बसत नाही. तीन वर्षांखालील मुलाला तेथून आहार मिळतो, दिवसभराची कूस मिळत नाही. अंगणवाडीला जोडून पाळणाघर चालविण्याची तरतूद 2022 मध्ये केंद्राच्या पाळणा योजनेत आली, म्हणजे कोसबाडनंतर सहा दशकांहून अधिक काळाने. ताराबाईंचे नाव घेणे सोपे आहे. निंदणाच्या आणि वेचणीच्या हंगामात तरी गावोगावी असे एक पाळणाघर चालले, तर शेतात वाकलेल्या आईचा जीव झोळीकडे ओढला जाणार नाही आणि हजेरीपटावरचे ते एक नाव हजर म्हणून लागेल.