नावातच निदान शोधणारी डॉक्टर

जमैकात १८९३ मध्ये जन्मलेल्या डॉ. सिसिली विल्यम्स १९२९ मध्ये गोल्ड कोस्टला, म्हणजे आजच्या घानात, रुजू झाल्या. अंगावरचे दूध तुटलेली, निव्वळ मक्याच्या पेजेवर वाढणारी मुले तेथे सूज येऊन दगावत होती. स्थानिक गा भाषेत या व्याधीला ‘क्वाशिओरकोर’ म्हणत. पाठचे भावंड आल्याने आईपासून दुरावलेल्या मुलाचा आजार. निदान या नावातच होते. आहारात प्रथिनांची उणीव असावी, असे विल्यम्स यांनी १९३३ मध्ये सुचविले. हा तर पेलाग्राच, असा आक्षेप तज्ज्ञांकडून आला. त्या बधल्या नाहीत. १९३५ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्यांनी आपले म्हणणे त्याच स्थानिक नावानिशी पुन्हा मांडले. या व्याधीमागे केवळ प्रथिनांचीच कमतरता नसते, हे पुढील संशोधनात दिसले. नाव मात्र वैद्यकात कायम राहिले. १९९२ मध्ये त्यांचे निधन झाले.