बाबासाहेब आणि तंत्रशिक्षण

महू येथे 14 एप्रिल 1891 रोजी जन्मलेले बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर कोलंबिया व लंडनच्या उच्च पदव्या घेऊन 1923 मध्ये परतले. त्या काळी मुंबईच्या गिरण्यांतील विणकाम खात्याचे दार अस्पृश्यांना बंद होते. कारण तेथे तुटलेला धागा थुंकीने सांधला जाई. हा अन्याय त्यांनी 1928-29 च्या गिरणी संपांच्या काळात वेशीवर टांगला. जुलै 1942 मध्ये ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. त्याच ऑक्टोबरमधील निवेदनात त्यांनी अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी विज्ञान-तंत्रशिक्षणाच्या शिष्यवृत्त्या मागितल्या आणि सरकारी छापखाने व रेल्वेच्या कारखान्यांत उमेदवारीही मागितली. 6 डिसेंबर 1956 रोजी त्यांचे महापरिनिर्वाण झाले. आज माहीमचा विद्यार्थी अभियांत्रिकी शिकताना बोईसर-तारापूरच्या कारखान्यात यंत्र हाताळतो, तेव्हा ते बंद दार पालकांनी त्यास अवश्य सांगावे, अशी आमची विनंती आहे.