पाच पौंडांची उधारी आणि खेळण्यातली आगगाडी

'मेकॅनिक्स'चा डबा आठवतोय? भोकं पाडलेल्या पत्र्याच्या पट्ट्या, चिमुकले नट-बोल्ट, चाकं आणि एक छोटा स्क्रू ड्रायव्हर. क्रेन करायला घेतली की जेवायची हाक आली तरी उठवत नसे आणि एखादा नट कपाटाखाली गेला की सगळं घर तो शोधायला लागे. आपल्याकडे हा डबा यायच्या कितीतरी वर्षं आधी, 1901 मध्ये, इंग्लंडमधल्या लिव्हरपूल शहरातल्या एका हिशेबनिसाने या कल्पनेचं पेटंट घेतलं होतं. त्याचं नाव फ्रँक हॉर्नबी. खेळण्यातल्या आगगाड्यांचा ज्यांना नाद आहे त्यांच्यासाठी हे नाव म्हणजे एक ब्रँड. पण त्या नावामागच्या माणसाची गोष्ट गाड्यांच्या बरीच आधी सुरू होते.

कारकुनी आणि करामती

फ्रँकचा जन्म 15 मे 1863 चा. वडील किराणा मालाचे व्यापारी. सोळाव्या वर्षी शाळा सुटली आणि हा मुलगा वडिलांच्याच पेढीत रोखपाल म्हणून बसला. इंजिनीअरिंगचं शिक्षण नाही, कुठल्या कारखान्यात उमेदवारी नाही. 1887 मध्ये क्लारा गोडफ्रॉय या शिक्षिकेशी लग्न झालं, पुढे मुलं झाली. 1899 मध्ये वडील गेले आणि पेढीही बंद पडली. मग फ्रँकने डेव्हिड एलियट या मांस आयात करणाऱ्या व्यापाऱ्याकडे हिशेबनिसाची नोकरी धरली. दिवसभर खतावण्या आणि घरी आल्यावर रोलंड आणि डग्लस या दोन मुलांसाठी पत्रा कापून खेळणी करणं, असा त्याचा दिनक्रम.

गाड्या, पूल, क्रेन असं काय काय तो बनवायचा. पण प्रत्येक खेळण्यासाठी सुटे भाग नव्याने कापावे लागायचे. पुलाच्या पट्ट्या क्रेनला चालत नसत, क्रेनच्या गाडीला चालत नसत. इथेच त्याच्या डोक्यात चक्र फिरलं. सगळ्या पट्ट्यांना सारख्या अंतरावर भोकं पाडली तर? मग कुठलीही पट्टी कुठल्याही पट्टीला जोडता येईल. आज केलेली क्रेन उद्या मोडायची आणि त्याच सामानातून पूल उभा करायचा! त्याने दोन भोकांमधलं अंतर ठरवलं अर्धा इंच, म्हणजे 12.7 मिलिमीटर. साधी वाटणारी ही युक्ती म्हणजे त्याच्या पुढच्या सगळ्या आयुष्याचा पाया.

पेटंटसाठी मात्र हातात पैसे नव्हते. ते त्याने मालकाकडून, एलियटकडूनच उसने घेतले. रक्कम पाच पौंड असल्याचं सांगतात. जानेवारी 1901 मध्ये अर्ज दाखल झाला तेव्हा फ्रँक 37 वर्षांचा होता. घर चालवायचं होतं आणि नोकरी सोडायची ऐपत नव्हती.

पाच वर्षं नुसता खर्च

पेटंट मिळालं म्हणून लगेच पैशांचा पाऊस पडला असं समजू नका. मालकच आता भागीदार झाला, ऑफिसशेजारची जागाही त्याने दिली आणि 1902 मध्ये 'मेकॅनिक्स मेड इझी' या नावाने पहिले संच बाजारात आले. किंमत साडेसात शिलिंग. पेटीत फक्त 16 प्रकारचे सुटे भाग आणि 12 मॉडेल्स कशी करायची हे सांगणारं पत्रक. दुकानदारांपुढे अडचण होती. लाकडी घोडा किंवा चावीची बोट काचेमागे ठेवली की पोरं थांबतात. पत्र्याच्या पट्ट्यांकडे बघून कोण थांबणार? यात गंमत आहे हे जोडून बघितल्याशिवाय कळतच नव्हतं.

फ्रँकने मग लिव्हरपूल विद्यापीठातले इंजिनीअरिंगचे प्राध्यापक हेन्री सेल्बी हेले-शॉ यांना संच दाखवला. त्यांनी तो उचलून धरला. यंत्रशास्त्रातली तत्त्वं मुलं खेळता खेळता शिकतील, हे एका नामांकित प्राध्यापकाने मान्य केल्यावर वजन पडलं. तरीही पहिला किरकोळ नफा दिसायला 1906 साल उजाडलं.

मग खरा निर्णय घ्यायची वेळ आली. मागणी वाढत होती आणि बाहेरून सुटे भाग करून देणाऱ्यांना ती झेपत नव्हती. 1907 मध्ये, चव्वेचाळिशीच्या आसपास, फ्रँकने नोकरी सोडली, लिव्हरपूलच्या ड्यूक स्ट्रीटवर जागा घेतली आणि स्वतः उत्पादन सुरू केलं. लांबलचक नावाऐवजी आलं एक सुटसुटीत नाव : 'मेकॅनो'. 1908 मध्ये मेकॅनो लिमिटेड स्थापन झाली, त्या वेळी एलियट मात्र बाजूला झाला. 1914 मध्ये कंपनीचा मोठा कारखाना बिन्स रोडवर सुरू झाला. 1916 पासून मुलांसाठी 'मेकॅनो मॅगझिन' निघू लागलं. त्यात खेळण्यांच्या जाहिराती असायच्याच, पण खरे पूल, बोटी आणि इंजिनं यांची माहितीही असायची.

आणि गाडी सुटली!

पहिल्या महायुद्धाआधी ब्रिटनमधल्या मुलांच्या खेळण्यातल्या आगगाड्या मोठ्या प्रमाणावर जर्मनीतून यायच्या. मार्कलिन, बिंग ही तिथली मोठी नावं. युद्धाने हा माल थांबवला. 1920 मध्ये फ्रँकने आपल्या नावाची चावीची आगगाडी बाजारात आणली. इंजिन आणि डबे नट-बोल्टने जोडलेले, म्हणजे मेकॅनोसारखेच खोलून पुन्हा जोडता येणारे. रुळांमधलं अंतर 32 मिलिमीटर, ज्याला 'ओ गेज' म्हणतात. पुढे विजेवर चालणाऱ्या गाड्या आल्या. स्टेशनात ठेवायला बनवलेल्या छोट्या मोटारींमधून 1934 मध्ये 'डिंकी टॉइज' हे नाव पुढे आलं.

1931 मध्ये हा माजी हिशेबनीस लिव्हरपूलच्या एव्हर्टन मतदारसंघातून खासदारही झाला. पण तब्येत साथ देईना. 21 सप्टेंबर 1936 ला तो गेला, वयाच्या 73 व्या वर्षी. कंपनीची सूत्रं रोलंडकडे आली. ज्याच्यासाठी पत्रा कापला जायचा, तोच हा मुलगा! 1938 मध्ये जेमतेम अर्ध्या आकाराची, 16.5 मिलिमीटर रुळांची 'हॉर्नबी डब्लो' बाजारात आली आणि गाडीला लहान घरातही जागा मिळाली. ती बघायला फ्रँक नव्हता. बिन्स रोडचा कारखाना 1979 मध्ये बंद पडला. नाव दुसऱ्या कंपनीकडे गेलं, पण आजही टिकून आहे.

आयर्लंडचं त्रांगडं

फ्रँकची ताकद होती मापात. सगळे एकाच मापाने बनवतात म्हणून एकाचं सामान दुसऱ्याला लागू पडतं. पण समुद्रापलीकडे, शेजारच्या आयर्लंडमध्ये, हेच माप छंदिष्टांना कोड्यात टाकतं. ब्रिटनमध्ये खऱ्या रुळांमधलं अंतर 1435 मिलिमीटर, आयर्लंडमध्ये 1600, म्हणजे आपल्या ब्रॉडगेजपेक्षा फक्त 76 मिलिमीटर कमी. एका फुटाला चार मिलिमीटर या हिशेबाने आयरिश रूळ 21 मिलिमीटरचे व्हायला हवेत. बाजारातले तयार रूळ मात्र 16.5 चे. मग काही जण डोळेझाक करून तयार रूळ घेतात, तर काही पट्टी-पट्टी जोडून हाताने 21 चे रूळ टाकतात आणि गाड्यांची चाकंही त्या मापाने बसवतात. वेळ कितीतरी जास्त लागतो. पण समोर उभं राहतं ते आपल्या गावचं स्टेशन, खरं वाटणारं.

डब्लिनमध्ये इंचिकोरच्या रेल्वे कारखान्यात नोकरी करणाऱ्या सिरिल फ्राय यांनी आयरिश गाड्यांची असंख्य मॉडेल्स हाताने घडवली, तीही 32 मिलिमीटरच्या त्याच ओ गेजवर. त्यांचा संग्रह आज डब्लिनजवळ मालाहाइडच्या मॉडेल रेल्वे म्युझियममध्ये बघायला मिळतो. प्रदर्शनांना जाणारे मोठे लेआउट तर फळ्यांच्या तुकड्यांमध्ये गाडीत भरून नेतात. हॉलमध्ये पोचल्यावर ते तुकडे एकमेकांना जोडायचे. भोकं नेमक्या अंतरावर असली तरच बोल्ट बसतो, नाहीतर रूळ जुळत नाहीत आणि पहिलीच गाडी सांध्यावर घसरते. फ्रँकचा अर्धा इंच इथेही आठवतो.

आपल्याकडे हे जग बघायचं असेल तर पुण्यात कर्वे रस्त्याजवळ जोशींचं मिनिएचर रेल्वे म्युझियम आहे. तिथून बाहेर पडताना हात शिवशिवले, तर माळ्यावरचा मेकॅनिक्सचा डबा खाली काढा. दोन-चार नट हरवलेले असतील, पण बाकीचे भाग अजूनही एकमेकांना जुळतील.