डॉ. द्वारकानाथ कोटणीस

१९३८ साली चीन जपानशी जीवनमरणाचा लढा देत होता. सेनापती चू तेह यांनी पंडित नेहरूंकडे वैद्यकीय साह्य मागितले आणि स्वतः पारतंत्र्यात असलेल्या भारतातून काँग्रेसने पाच डॉक्टरांचे पथक धाडले. त्यांत नागपूरचे ज्येष्ठ डॉ. चोळकर होते आणि सोलापुरात १० ऑक्टोबर १९१० रोजी जन्मलेले तरुण कोटणीसही.

१९३९ च्या फेब्रुवारीत पथक येनानला पोहोचले. पुढे सहकारी परतले. कोटणीस मात्र राहिले. ते चिनी भाषा शिकले, आघाडीवर अहोरात्र शस्त्रक्रिया करीत राहिले, डॉ. बेथ्यून यांच्या नावाच्या रुग्णालयाचे प्रमुख झाले. १९४१ मध्ये त्यांनी क्वो छिंगलान या परिचारिकेशी विवाह केला. मुलाचे नाव इन्हुआ ठेवले. त्यात भारत आणि चीन दोन्ही आले. ९ डिसेंबर १९४२ रोजी अपस्माराने, अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. कोल्हापूरच्या व्ही. शांतारामांनी १९४६ मध्ये त्यांच्यावर चित्रपट काढून ही कथा घरोघरी नेली.

कोटणिसांनी ज्या सैन्याची शुश्रूषा केली, त्याच पक्षाच्या हाती १९४९ मध्ये सत्ता आली. चीनने त्यांची स्मृती जपली, त्यामागे हेही एक कारण असावे. तथापि १९६२ चे युद्ध त्या कृतज्ञतेने टळले नाही. सीमेचा तंटा किती चिवट असतो, हे निपाणीकरांना सांगावयास नको! शिच्याच्वांग येथील त्यांच्या समाधीचा मान मात्र टिकला. २००६ मध्ये चीनचे अध्यक्ष हू चिंताओ मुंबईत आले, तेव्हा ते कोटणीस कुटुंबीयांना आवर्जून भेटले. सीमाप्रश्न तेव्हाही अनिर्णीतच होता.