जेम्स वॉट : इंजिनाला लगाम घातला, धूर मात्र मोकाट सुटला

फोनचा चार्जर हातात घ्या आणि त्यावरची बारीक अक्षरं वाचा. 18 वॅट, 33 वॅट, 67 वॅट, असं काहीतरी लिहिलेलं असेल. फास्ट चार्जिंगच्या नादात आपण हा आकडा रोज बघतो, पण हे एका माणसाचं आडनाव आहे हे सहसा लक्षात येत नाही. जेम्स वॉट. आपण मराठीत वॅट म्हणतो, एवढाच काय तो फरक.

शाळेत आपल्याला वॉटची गोष्ट दोन ओळींत सांगितली जाते : चहाच्या किटलीचं झाकण उडताना बघितलं आणि त्याने वाफेचं इंजिन शोधलं. ही गोष्ट गोड आहे, पण चुकीची आहे. वाफेचं इंजिन थॉमस न्यूकोमेनने 1712 मध्येच चालवून दाखवलं होतं. वॉटचा जन्म त्यानंतर 24 वर्षांनी झाला! मग वॉटने नेमकं केलं काय? माझ्या मते, आपण इंजिनिअर लोकांनी त्याच्याकडून दोन गोष्टी शिकायच्या. एक, त्याने काय सोडवलं. आणि दोन, काय सुटायचं राहिलं.

विद्यापीठातला रिपेअरवाला

वॉट 19 जानेवारी 1736 ला स्कॉटलंडमधल्या ग्रीनॉक या बंदराच्या गावी जन्मला. वडील जहाजांचं काम आणि व्यापार करायचे. मुलगा सतत आजारी, डोकेदुखी तर जन्मभर पाठीशी. त्यामुळे शाळा अर्धवट आणि बरंचसं शिक्षण घरीच. वडिलांच्या वर्कशॉपमध्ये त्याला स्वतःची हत्यारं मिळाली आणि हात तिथेच तयार झाला.

1755 मध्ये तो लंडनला गेला. मोजमापाची उपकरणं बनवायची कला शिकायची होती. रीतसर उमेदवारी सात वर्षांची असायची, याने वर्षभरातच जमेल तेवढं उचललं आणि तब्येत बिघडल्यावर परत आला. 1757 मध्ये ग्लासगो विद्यापीठाने त्याला आवारातच एक छोटं वर्कशॉप दिलं. प्राध्यापक नाही, विद्यार्थी नाही, डिग्री नाही. विद्यापीठाची उपकरणं दुरुस्त करणारा कारागीर. पण त्याच्या दुकानात येऊन गप्पा मारणाऱ्यांमध्ये जोसेफ ब्लॅकसारखा शास्त्रज्ञ होता, ज्याने उष्णतेवर मूलभूत काम केलं.

1763-64 च्या हिवाळ्यात विद्यापीठाने त्याला न्यूकोमेन इंजिनाचं एक छोटं मॉडेल दुरुस्तीला दिलं. मॉडेल दुरुस्त झालं, पण चार-दोन ठोके देऊन थांबायचं. दुसरा कुणी असता तर बिल करून मोकळा झाला असता. वॉट कारण शोधत बसला.

कारण असं होतं. न्यूकोमेनच्या इंजिनात सिलिंडरमध्ये वाफ भरायची, मग त्याच सिलिंडरमध्ये थंड पाणी मारून वाफेचं पाणी करायचं. आत पोकळी झाली की बाहेरच्या हवेचा दाब पिस्टनला खाली ढकलायचा. म्हणजे दर ठोक्याला सिलिंडर तापवा, गार करा, परत तापवा. वॉटने मोजून बघितलं तर बहुतेक वाफ काम करण्याऐवजी गार पडलेलं लोखंड तापवण्यातच जात होती.

उत्तर त्याला 1765 मध्ये एका रविवारी ग्लासगोच्या मैदानात फिरताना सुचलं. वाफ गार करायची ती वेगळ्या भांड्यात. सिलिंडर कायम गरम, कंडेन्सर कायम थंड. बस, एवढंच. कोडच्या भाषेत सांगायचं तर, एकाच फंक्शनमध्ये कोंबलेली दोन विरुद्ध कामं त्याने वेगळी केली.

आयडिया ते प्रॉडक्ट : 11 वर्षं

आयडिया सुचली 1765 मध्ये, पण गिऱ्हाईकाच्या जागेवर पहिली इंजिनं चालली 1776 मध्ये. मधल्या काळात काय झालं ते वाचलं की स्टार्टअपवाल्यांच्या डोळ्यांत पाणी येईल. 1769 मध्ये पेटंट मिळालं, पण बिनफटीचा गोल सिलिंडर कुणाला बनवता येईना. पैसे संपले, म्हणून वॉट कालव्यांच्या सर्व्हेची कामं करत राहिला. 1773 मध्ये बायको मार्गारेट बाळंतपणात गेली. त्याच वर्षी पैसे लावणारा भागीदार जॉन रोबक दिवाळखोर झाला.

मग मॅथ्यू बोल्टन आला. बर्मिंगहॅमचा हा कारखानदार दिलखुलास आणि धंद्यात पक्का. वॉट लाजाळू, काळजीखोर आणि पैशाच्या बोलण्यांना घाबरणारा. जोडी जमली. 1774 मध्ये वॉट बर्मिंगहॅमला गेला. जॉन विल्किन्सनने तोफेच्या नळ्या कोरायचं तंत्र वापरून हवा तसा सिलिंडर करून दिला.

त्यांचं बिझनेस मॉडेल आजच्या सबस्क्रिप्शनसारखं होतं. जुन्या इंजिनाच्या तुलनेत जेवढा कोळसा वाचेल, त्याच्या किमतीचा एक तृतीयांश आम्हाला द्या. पुढे गिरणीवाल्यांना घोड्यांशी तुलना करून हवी होती, म्हणून वॉटने अश्वशक्तीचं माप ठरवलं. एक अश्वशक्ती म्हणजे आजचे सुमारे 746 वॅट, म्हणजेच तुमचे 33 वॅटचे साधारण 22 चार्जर.

सगळंच गोडगोड नव्हतं. संसदेने 1775 मध्ये त्याचं पेटंट 1800 पर्यंत वाढवून दिलं आणि त्या 25 वर्षांत त्याने दुसऱ्यांना कोर्टात खेचायला कमी केलं नाही. जास्त दाबाच्या वाफेला त्याचा विरोध होता. त्यात धोका होता हे खरं, पण पुढची रेल्वे त्याच वाटेने गेली.

दोन गोळे आणि एक झडप

आता आपल्या कामाची गोष्ट. इंजिन गिरणीला जोडलं की एक नवीन अडचण यायची. काही यंत्रं बंद केली की भार कमी होऊन इंजिन सुसाट पळायचं. भार वाढला की मंदावायचं. म्हणजे वाफेच्या झडपेपाशी एक माणूस कायम उभा हवा.

1788 मध्ये बोल्टनने लंडनच्या अल्बियन मिलमध्ये, जात्यांवर ताबा ठेवणारी एक फिरत्या गोळ्यांची युक्ती बघितली आणि वॉटला कळवली. वॉटने ती वाफेच्या झडपेला जोडली. हाच तो गव्हर्नर. फिरत्या दांड्याला दोन जड गोळे लटकवलेले. इंजिनाचा वेग वाढला की गोळे बाहेर फाकतात, त्याबरोबर एक दांडी सरकते आणि झडप थोडी मिटते. वेग कमी झाला की गोळे खाली येतात आणि झडप उघडते.

कल्पना गिरण्यांमध्ये आधीपासून होती, म्हणून वॉटने तिचं पेटंट घेतलं नाही. पण यंत्राने स्वतःचा वेग मोजायचा आणि स्वतःच दुरुस्त करायचा, हे त्याच्या इंजिनामुळे जगभर पोहोचलं. मोजा, तुलना करा, दुरुस्त करा, परत मोजा. यालाच आपण फीडबॅक लूप म्हणतो. तुमचा फोन तापल्यावर प्रोसेसर आपोआप हळू होतो, तेव्हा आत हाच लूप चालू असतो.

1868 मध्ये जेम्स क्लार्क मॅक्सवेलने गव्हर्नरचं गणित मांडलं : असं यंत्र कधी शांत होतं आणि कधी डोलत राहतं. कंट्रोल सिस्टिम्स या विषयाची गणिती सुरुवात तिथून मानली जाते. आमच्या कॉलेजात या विषयात निम्मा वर्ग अडकला होता, तो मॅक्सवेलच्या कृपेने!

धूर आणि जेसी

वॉटला धूर दिसत नव्हता असं नाही. 1785 मध्ये त्याने धूर कमी करणाऱ्या भट्टीचं पेटंट घेतलं. नव्या कोळशाचा धूर आधीच लालभडक झालेल्या निखाऱ्यांवरून न्यायचा, म्हणजे धुरातला जळायचा राहिलेला भागही जळून जातो. कोळसाही वाचतो आणि हवाही. तंत्र होतं, पण ते वापरायची सक्ती कुणावरच नव्हती.

1794 मध्ये त्याची मुलगी जेसी क्षयाने गेली. वय 15. क्षय जंतूंमुळे होतो हे तेव्हा कुणाला माहीत नव्हतं, त्यामुळे तिचा मृत्यू धुराच्या माथी मारणं चुकीचं ठरेल. पण वॉटने दुःखात जे केलं ते बघा. डॉक्टर थॉमस बेडोज निरनिराळे वायू हुंगवून फुप्फुसांचे रोग बरे होतील का, हे तपासत होता. वॉटने त्याच्यासाठी वायू तयार करणारं आणि तेल लावलेल्या रेशमी पिशवीतून श्वासाला देणारं उपकरण बनवलं. क्षय त्याने बरा झाला नाही. 1804 मध्ये मुलगा ग्रेगरीही 27 व्या वर्षी त्याच रोगाने गेला.

एका हाताने शहरांना धुराडी देणारा माणूस दुसऱ्या हाताने श्वासाचं यंत्र बनवत होता. त्याच्या आयुष्यातला मला सगळ्यात जास्त टोचणारा भाग हाच.

1800 मध्ये तो निवृत्त झाला. उरलेली वर्षं घराच्या माळ्यावरच्या वर्कशॉपमध्ये पुतळ्यांची नक्कल करणारी यंत्रं करण्यात गेली. 25 ऑगस्ट 1819 ला, 83 व्या वर्षी तो वारला. ते वर्कशॉप हत्यारांसकट उचलून 1924 मध्ये लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये नेलं गेलं. तो गेला त्याच वर्षी ब्रिटिश संसदेने इंजिनांचा आणि भट्ट्यांचा धूर कमी कसा करायचा हे तपासायला समिती नेमली. 1821 मध्ये कायदाही आला. धूर मात्र वाढतच गेला.

वाचवलेला कोळसा गेला कुठे?

वॉटचं इंजिन जुन्या इंजिनाच्या निम्म्याहूनही कमी कोळशात तेवढंच काम करायचं. मग देशाचा कोळसा वाचायला हवा होता ना? उलटं झालं. इंजिन परवडायला लागलं म्हणून ते सगळीकडे बसलं. विल्यम जेव्हन्सने 1865 मध्ये नेमकं हेच दाखवलं : कोळसा वापरण्यात काटकसर आली की एकूण खप वाढतो. मुंबईतही 1850 च्या दशकात कापड गिरण्या सुरू झाल्या त्या वाफेवरच, आणि 1912 मध्ये इथेही धुराविरुद्ध कायदा करावा लागला. लंडनमध्ये डिसेंबर 1952 च्या पाच दिवसांच्या धुरक्याने हजारो माणसं मेली, तेव्हा कुठे 1956 चा कडक कायदा झाला.

आता लूपच्या नजरेने बघा. इंजिनाला गव्हर्नर होता, कारण वेग मोजला जात होता आणि ते मोजमाप थेट झडपेला जोडलेलं होतं. शहराच्या हवेत मोजणारं कुणी नव्हतं आणि झडपही नव्हती. लूप उघडाच राहिला.

परत वाफेच्या इंजिनाकडे

गंमत म्हणजे पुढचं मोठं पाऊलही वाफेच्या इंजिनावरच पडलं. 1965 मध्ये अमेरिकेत बर्कलीच्या लोत्फी झादेने फझी सेटची कल्पना मांडली. गोष्टी फक्त हो किंवा नाही नसतात, थोड्याशा किंवा बऱ्यापैकीही असतात. मग 1974 च्या सुमारास लंडनच्या क्वीन मेरी कॉलेजात इब्राहिम ममदानी आणि त्याचा विद्यार्थी असिलियन यांनी पहिला फझी कंट्रोलर बनवला. ममदानी टांझानियात जन्मलेला आणि भारतात शिकलेला. त्यांनी तो लॅबमधल्या एका छोट्या वाफेच्या इंजिनावर चालवला. अवघड समीकरणांऐवजी अनुभवी ऑपरेटरच्या तोंडी शोभतील असे नियम : वेग थोडा जास्त असेल आणि अजून वाढत असेल, तर झडप जरा मिटव. वॉटच्या आधी झडपेपाशी उभा असलेला तो माणूस आठवतोय? त्याचं शहाणपण आता प्रोग्रॅममध्ये आलं होतं.

हवेच्या बाबतीत याचा उपयोग काय? फोनवर एक्यूआय बघा. आपल्या देशात 200 असेल तर हवा मध्यम आणि 201 झाला की खराब. तुमच्या फुप्फुसाला ही रेषा कळते का? नाही. म्हणून विद्यापीठांतले संशोधक हवेची प्रत ठरवायला किंवा सिग्नलची वेळ गर्दीप्रमाणे बदलायला फझी नियम वापरून बघतात. दिल्लीत तर हा आकडा ठरावीक टप्पे ओलांडतो तसतसे बांधकामं थांबवणे, काही गाड्यांवर बंदी असे उपाय लागू होतात. शहराला गव्हर्नर बसवायचाच हा प्रयत्न आहे. पण आकडा चढल्यावर जागं होणारा लूप उशिरा चालतो, आणि उशिरा चालणारा लूप डोलत राहतो. आज बंदी, उद्या सूट, परवा परत बंदी.

सेन्सर आता स्वस्त आहे, आकडा खिशात आहे. म्हणजे लूपचा पहिला भाग, मोजणं, आपल्याकडे आलाय. तो आकडा झडपेला जोडायचं काम बाकी आहे, आणि ते फक्त इंजिनिअरचं नाही. वॉटने 1785 मध्ये धुराचं उत्तर कागदावर दिलं होतं, पण ते वापरायला कुणाला भाग पाडलं गेलं नाही.

तेव्हा पुढच्या वेळी चार्जर लावाल, त्यावरचा वॅटचा आकडा बघा, आणि एकदा शहराच्या हवेचाही.