लक्ष्मणराव किर्लोस्करांचा विसरलेला हिशेब

लहान कारखान्यात नवे यंत्र येते तेव्हा मालक त्याची किंमत, कर्जावरील व्याज आणि घसारा यांचा हिशेब दहा वेळा मांडतो. ते यंत्र चालवायला कामगाराला किती दिवस लागतील, त्या दिवसांत किती माल वाया जाईल आणि तो तोटा कोणी सोसायचा, याला मात्र खतावणीत रकाना नसतो. संगणकावर चालणारा लेथ असो की जमाखर्चाची नवी पद्धत, अनुभव पुष्कळदा एकच येतो. यंत्र येते, माणूस बावरतो आणि अपयशाचे खापर त्याच्याच माथी फुटते. या दृष्टीने लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचे चरित्र पुन्हा एकदा पाहण्याजोगे आहे.

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूरचा. चित्रकार होण्याच्या ओढीने ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. परंतु रंग ओळखण्यात त्यांच्या दृष्टीला दोष असल्याचे आढळले. रंग सुटले, तरी रेषा त्यांनी सोडली नाही. यांत्रिक आरेखन शिकून ते व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये तोच विषय शिकवू लागले. बढतीत डावलले गेल्यावर त्यांनी नोकरी सोडली, ही गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. त्याआधी ते शिक्षक होते, हे मात्र सहसा ध्यानात घेतले जात नाही. त्यांच्या पुढील उद्योगाचे मर्म मला त्यातच दिसते.

बेळगावात त्यांनी बंधू रामूअण्णांसह सायकलींचे दुकान चालवले. सायकल ही त्या काळची अपूर्वाई होती. तेव्हा हे बंधू सायकल विकत आणि ती चालवायलाही शिकवत. वस्तूबरोबर तिचा सराव द्यावा लागतो, हा पहिला धडा त्यांना येथे मिळाला असावा. पुढे त्यांनी कडबा कापण्याचे यंत्र आणि लोखंडी नांगर तयार केला. लोखंडाने जमिनीत विष भिनते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती आणि पहिला नांगर खपायला दोन वर्षे लागली. या भीतीला अडाणीपणा म्हणून हसणे सोपे आहे. लाकडी नांगर मोडला तर गावचा सुतार तो दुरुस्त करी. लोखंडी नांगर फसला तर हंगाम बुडणार होता तो शेतकऱ्याचा, नांगर करणाऱ्याचा नव्हे. नव्या साधनाला होणाऱ्या विरोधामागे अनेकदा असाच रास्त हिशेब असतो.

बेळगावची जागा नगरपालिकेच्या विस्तारासाठी सोडावी लागली, तेव्हा औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्थानकाजवळची जमीन आणि दहा हजार रुपयांचे कर्ज दिले. १९१० साली निवडुंगाने भरलेल्या त्या माळावर कारखाना आणि वसाहत उभी राहू लागली. तेथे तयार कारागीर मिळण्याची शक्यताच नव्हती. आहे त्या माणसांना हाताशी धरूनच काम उभारणे भाग होते. शिक्षण अर्धवट सोडलेले अनंतराव फळणीकर येथेच कल्पक यंत्रज्ञ म्हणून पुढे आले. दरोडेखोर म्हणून ओळखल्या गेलेल्या तुकाराम रामोशाकडे वसाहतीची राखण सोपवण्यात आली. माणूस काय होता, यापेक्षा तो काय होऊ शकेल, यावर ही भिस्त होती.

या भरवशाची कसोटी पहिल्या महायुद्धात लागली. परदेशी नांगरांची आवक रोडावून मागणी वाढली. पण लोखंड, कोळसा, रंग सारेच दुर्मिळ झाले. एकेका वस्तूला पर्याय शोधत कारखाना चालू राहिला. ठरावीक कामच येणाऱ्या मजुरांकडून हे झाले नसते. पुढे नांगरांच्या जोडीला पंप आले आणि २६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणराव निवर्तले तेव्हा त्या माळावर यंत्रोद्योग स्थिरावला होता.

या चरित्राला दुसरी बाजूही आहे. किर्लोस्करवाडीची व्यवस्था मालकाच्या सद्भावनेवर उभी होती आणि सद्भावना हा कामगाराचा हक्क नव्हे. शिवाय वसाहत बांधून माणसे टिकवणे आजच्या दहा कामगारांच्या कारखान्याला परवडणारे नाही. त्याची अडचण खरी आहे: त्याने शिकवलेला माणूस उद्या मोठ्या कारखान्यात जातो, म्हणजे खर्च एकाचा आणि लाभ दुसऱ्याचा. म्हणूनच हा भार एकट्या मालकावर टाकून चालणार नाही. उमेदवार कामगारांसाठी १९६१ चा कायदा आहे. पण पंधरा वर्षे जुन्या यंत्रावर काम केलेल्या चाळिशीतल्या माणसाचे काय? औद्योगिक वसाहतींनी आपापल्या भागातील तंत्रशाळांशी जोडून घेऊन अशांसाठी सामाईक वर्ग चालवावेत आणि शिकण्याच्या दिवसांचा पूर्ण पगार द्यावा. बँकांनीही यंत्रासाठी कर्ज देताना प्रशिक्षणाचा खर्च त्यातच धरावा.

यंत्राच्या किमतीत माणसाला ते शिकवण्याची किंमत मिळवली, तर काही यंत्रे महाग ठरतील. ती घ्यायची की नाही, याचा निर्णय तरी मग खऱ्या आकड्यांवर होईल. आज हा खर्च वाचत नाही; तो कामगाराच्या नोकरीतून वसूल होतो, इतकेच.