विश्लेषण : पळसाच्या नावातले ‘लाम.’ कोण? जिराफाच्या मानेपलीकडचे लामार्क

फाल्गुनात पेटलेला पळस ओळखायला पुस्तक लागत नाही. मात्र वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकात त्याचे नाव ‘ब्युटिया मोनोस्पर्मा (लाम.) टाउब.’ असे छापलेले असते. कंसातले ‘लाम.’ म्हणजे जाँ-बाप्टिस्ट लामार्क. शाळेत जिराफाच्या मानेसोबत भेटतात आणि पुढच्याच पानावर डार्विनकडून चूक ठरतात, तेच हे लामार्क. रानातले अनोळखी झाड ओळखण्यासाठी आज जी ‘किल्ली’ वापरली जाते, ती रुळवण्यातही त्यांचा मोठा वाटा होता. त्याविषयी आपल्याकडे फारसे बोलले जात नाही.

सैनिक वनस्पतींकडे कसा वळला?

लामार्क यांचा जन्म १७४४ मध्ये उत्तर फ्रान्समधील बाझांतँ गावी, नावाला सरदार पण खिशाने रिकाम्या घराण्यात झाला. अकरा भावंडांतले ते शेंडेफळ. पाद्री व्हावे म्हणून त्यांना शाळेत घातले होते, पण वडील वारल्यावर ते थेट सैन्यात गेले. १७६१ च्या लढाईत सतरावे वर्षही पूर्ण झाले नसताना त्यांनी शौर्य गाजवले आणि अधिकारी झाले. पुढे मित्राने गमतीत डोके धरून उचलले. त्यात मानेला इजा झाली आणि लष्करी नोकरी संपली. मग पॅरिस, तुटपुंजे निवृत्तिवेतन, बँकेत कारकुनी, थोडे वैद्यकाचे शिक्षण आणि उरलेला वेळ झाडांमागे.

किल्ली म्हणजे काय?

तेव्हा झाडाचे नाव शोधायचे तर लिनियस यांच्या पद्धतीने पुंकेसर मोजायचे आणि लॅटिन ग्रंथ चाळायचे. नवशिका तिथेच अडायचा. लामार्क यांनी १७७८ ची तारीख असलेल्या ‘फ्लोर फ्रान्स्वाझ’ या तीन खंडांच्या ग्रंथात वेगळी वाट धरली. प्रत्येक टप्प्यावर परस्परविरोधी दोनच पर्याय. हे की ते? उत्तर द्या, पुढच्या जोडीकडे जा. असे करत शेवटी एकच नाव उरते. अशा मांडणीचे तुरळक प्रयत्न आधीही झाले होते, पण अख्ख्या देशाच्या वनस्पतींसाठी, तेही फ्रेंचमध्ये, हे काम लामार्क यांनी केले. निसर्गातले नातेगोते शोधणे वेगळे आणि हातातल्या फांदीचे नाव शोधणे वेगळे, हे त्यांनी नेमके ओळखले होते. बफाँ यांच्या मदतीने ग्रंथ सरकारी खर्चाने छापला गेला आणि १७७९ मध्ये त्यांना विज्ञान अकादमीत प्रवेश मिळाला.

पळस आणि पांगारा

आपल्याकडचेच उदाहरण घेऊ. पळसाला पाने तीनच, ही म्हण सगळ्यांना पाठ. पण पांगाऱ्यालाही तीनच पर्णिका असतात. दोघेही शेंगवर्गीय, दोघेही निष्पर्ण असताना लालकेशरी फुलतात. म्हणजे म्हणीने काम भागत नाही, पुढची जोडी विचारावी लागते. खोडाफांद्यांवर काटे आहेत की नाहीत? असतील तर पांगारा. फुलाच्या खालच्या जोडपाकळ्या आखूड आहेत, की पोपटाच्या चोचीसारख्या लांब व वाकड्या? चोच दिसली तर पळस; संस्कृतात त्याला ‘किंशुक’ म्हणतात ते उगाच नाही. शेंग माळेसारखी, अनेक बियांची, की चपटी आणि टोकाशी एकच बी असलेली? एकच बी असेल तर पळस.

गंमत म्हणजे लामार्क यांनी स्वतः पळसाला पांगाऱ्याच्याच वंशात, ‘एरिथ्रिना’त टाकले होते. भारतात ते कधी आलेच नव्हते. पुढच्या अभ्यासकांनी वंश बदलला. पण त्यांनी दिलेले ‘मोनोस्पर्मा’, म्हणजे एकबीजी, हे विशेषण टिकले, कारण खूण बरोबर होती.

अखेर कशी झाली?

राज्यक्रांतीनंतर १७९३ मध्ये राजाच्या बागेचे राष्ट्रीय संग्रहालय झाले. वनस्पतींची पदे इतरांकडे गेली आणि पन्नाशीच्या उंबरठ्यावर लामार्क यांच्या वाट्याला कीटक व कृमी आले. ही खरे तर उपेक्षाच म्हणायची. पण त्याच कामातून अपृष्ठवंशीय प्राण्यांचे शास्त्र उभे राहिले आणि १८०९ मध्ये, डार्विन जन्मले त्याच वर्षी, उत्क्रांतीवरचा त्यांचा ग्रंथ आला. समकालीनांनी तो फारसा मनावर घेतला नाही.

आयुष्यभर बारीक लक्षणे न्याहाळणाऱ्या या माणसाची दृष्टी म्हातारपणी गेली. शेवटचे लेखन मुलीने ऐकून उतरवले. डिसेंबर १८२९ मध्ये ते वारले तेव्हा कायमच्या कबरीपुरतेही पैसे घरात नव्हते. ठरावीक मुदतीच्या भाड्याच्या जागेत त्यांना पुरले, मुदत संपल्यावर अस्थी हलवल्या गेल्या आणि त्या कुठे गेल्या हे कोणालाच कळले नाही. १९०९ मध्ये पॅरिसच्या त्याच बागेत वर्गणीतून त्यांचा पुतळा उभारला. त्याच्या चौथऱ्यावर अंध लामार्क आणि शेजारी त्यांची मुलगी कोरलेली आहे.